सुई, दोरा आणि सासूबाईंचं बोट

मी एक लोगो बोलतोय. बोधचिन्ह म्हणा हवं तर, पण तसं म्हटलं की मला उगाच सत्काराला बसल्यासारखं वाटतं. इकडे परदेशात, मेनूथ गावी, ग्रॉन्या नावाच्या बाईंचं पुस्तकबांधणीचं छोटं दुकान आहे. त्याच्या दारावर मी असतो. एक काळी सुई, तिच्यातून निघालेला दोरा आणि नेढ्याखाली एक लाल ठिपका. सुई-दोऱ्याबद्दल कुणी विचारत नाही. ठिपक्याबद्दल सगळे विचारतात, म्हणून एकदाचं सांगून टाकतो.

माझा जन्म जवळच्याच ल्यूकन गावातल्या एका घरी, जेवणाच्या टेबलावर, हॉस्पिटलच्या जुन्या रोस्टरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर झाला. रोस्टर डॉक्टर अभिजितचा, पेन्सिल त्याच्या बायकोची, पूर्णिमाची. ती पुण्यात एका जाहिरात एजन्सीत हेच, लोगो काढायचं, काम करायची. नवऱ्याला इथे नोकरी लागली आणि ती इथल्या सगळ्या मराठी मंडळींची घरची, म्हणजे फुकटातली, चित्रकार झाली. मंडळाचा गणपती, कुणाचा फराळाचा व्यवसाय, कुणाच्या लेकीचा पहिला वाढदिवस. "अगं, तुला काय, पाच मिनिटांचं काम!" अशा पाच-पाच मिनिटांत चार वर्षं गेली. खाली तिचं नाव कुणी कधी टाकलं नाही.

ग्रॉन्या ही पहिली परकी. तिनं सांगितलं, काम आवडलं तर कार्डाच्या मागे तुझं नाव छापू. त्या एका ओळीसाठी पूर्णिमानं मला सहा आठवडे छळलं. माझं नेढं अकरा वेळा बदललं. शेवटी एका सकाळी मला चांगल्या जाड कागदावर छापलं, टेबलावर ठेवलं आणि ती आंघोळीला गेली. दहाला मेनूथला पोचायचं होतं.

घरात तिच्या सासूबाई होत्या, सुलक्षणाबाई, मिरजेहून तीन महिन्यांसाठी आलेल्या. नवी वस्तू कुंकू लावल्याशिवाय वापरायची नाही, हा त्यांचा नेम. गाडीला लावलं, डिशवॉशरलाही लावलं. मग सुनेचं पहिलं मोठं काम तसंच कसं जाऊ देतील? कागदाला खरं तर कोपऱ्यात लावतात. पण टेबल पांढरं, कागद पांढरा आणि चष्मा देवापाशी राहिलेला. त्यांनी ओल्या कुंकवाचं बोट टेकवलं ते थेट माझ्या नेढ्याखाली.

पूर्णिमानं येऊन बघितलं. प्रिंटरमधली शाई संपली होती आणि बस सात मिनिटांत होती.

"असू द्या, आई," ती म्हणाली, पण अशी म्हणाली की मला कागदासकट टेबलाखाली जावंसं वाटलं.

"यश येऊ दे गं बाई," सासूबाई म्हणाल्या.

ग्रॉन्यानं मला खिडकीपाशी धरून बराच वेळ बघितलं. पूर्णिमा माफी मागायला तोंड उघडणार, तेवढ्यात ती म्हणाली, "हा ठिपका एकदम ग्रँड! शिवताना सुई बोटाला टोचते, तेच ना? आता काही बदलू नकोस. कसं सुचलं तुला?"

इथे खरं बोलायला भरपूर जागा होती. मी वाट बघितली.

"सुचलं असंच," पूर्णिमा म्हणाली.

मग कार्डं छापून आली. मागे बारीक अक्षरांत तिचं नाव होतं. ते वाचताना तिचा चेहरा काही खुलला नाही. घरी आल्यावर तिनं कार्डांचा गठ्ठा प्रेसमध्ये, म्हणजे इकडच्या भाषेत कपाटात, डाळीच्या डब्यामागे लपवला. आता त्या घरात डाळीचा डबा रोज कोण काढतं, याचा विचार तिनं केला नव्हता.

सुलक्षणाबाईंच्या त्या बोटावर विळीनं कापल्याची जुनी तिरपी खूण आहे. ठिपक्यात ती पांढरी रेघ होऊन उमटली आहे. त्यांनी कार्ड बघितलं, बोट बघितलं आणि आमटीला फोडणी घातली. दुसऱ्या दिवशी पूर्णिमाला तो गठ्ठा सापडला, तो नीट रचून, रबरबँड लावलेला. बाई ओरडल्या असत्या तर तिला सोपं गेलं असतं.

दुकान उघडलं त्या दिवशी पंचवीसेक माणसं आली होती, हातात चहाचे कप घेऊन. सासूबाई पहिल्या खुर्चीत बसल्या होत्या. ग्रॉन्यानं पूर्णिमाला पुढे ओढलं. "ठिपक्याची गोष्ट सांग ना सगळ्यांना."

पूर्णिमा लाल झाली. मग तिनं इंग्रजीत सांगून टाकलं, की ठिपका माझा नाही, ह्यांचा आहे, मी खोटं बोलले, माझं नाव काढायचं असेल तर काढ.

सगळे वळून सासूबाईंकडे बघायला लागले. त्यांना इंग्रजी कळत नव्हतं.

"काय म्हणालीस गं?"

"ठिपका तुमचा आहे, म्हटलं."

"आणि सुई?"

"माझी."

"दोरा?"

"माझाच."

"मग झालं की! एका ठिपक्यापायी एवढ्या लोकांचा चहा गार केलास होय?"

पूर्णिमा तिथेच त्यांच्या गळ्यात पडून रडली. ग्रॉन्याही रडली, मराठीतलं तिला काही कळलं नव्हतं तरी. मला डोळे नाहीत, नेढं आहे, त्यामुळे माझी पंचाईत झाली नाही.

नाव काढलं नाही. सुलक्षणाबाई मिरजेला परत गेल्या. गुडघ्यांमुळे आता पुन्हा येणं व्हायचं नाही, असं फोनवर म्हणतात. पूर्णिमाकडे बरीच कामं आहेत. शेजारच्या लिक्सलिप गावच्या मेणबत्तीवाल्या आहेत, एक कुंभार आहे. प्रत्येक शेवटच्या कागदाला ती स्वतः कुंकू लावते, चष्मा घालून, अगदी कोपऱ्यात. मग तेवढा कोपरा कापून डाळीच्या डब्यामागे ठेवते. असे चौदा कोपरे झालेत. त्यांत माझा नाही, कारण माझं कुंकू कापता येत नाही.

एकच विनंती आहे. दारावर लाल काही दिसलं की माणसं नखानं खरडून बघतात. इथल्या लोकांना तो जॅम वाटतो. खरडू नका हो. नीट बघा, आत तिरपी रेघ दिसेल. गेल्या मंगळवारी पूर्णिमा आली होती. आजूबाजूला कुणी नाही असं बघून तिनं त्या रेघेवर आपलं बोट टेकवलं, थोडा वेळ तसंच ठेवलं आणि मग बस पकडायला गेली.