ग्रीक राजाला हसणारी पेटी

मी एक जुनी बाजाची पेटी आहे, मित्रांनो, आणि मूर्खांचा मला मनस्वी कंटाळा आहे. जन्म मुंबईचा, पण हयात गेली शेवगावात, मलकाबाई वाक्रुळकरांच्या घरी. त्या सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. बेने इस्राएल, म्हणजे आपल्याकडचे मराठी ज्यू. गावात त्यांचं हे एकच घर.

दर हनुक्काला, म्हणजे त्यांच्या डिसेंबरातल्या सणाला, दिवे लावून झाले, की त्या मला ओट्यावर घेऊन कीर्तन सांगायच्या. आख्यान ठरलेलं. दोन हजार वर्षांपूर्वी एका ग्रीक राजानं यहुद्यांना फर्मान सोडलं, शनिवार पाळायचा नाही, मुलांची सुंता करायची नाही, आमच्या देवापुढं डुक्कर खायचं. हा शहाणा स्वतःला 'प्रकट देव' म्हणवून घ्यायचा, आणि लोक पाठीमागं त्याला वेडा म्हणायचे. इथं मी मुद्दाम बेसूर रेकायची. ऐकायला बसलेला गावचा आसाराम पाटील तर हसून हसून धोतराला डोळे पुसायचा. मुकुट घातला म्हणून कुणाला अक्कल येते का? मग मूठभर यहुदी त्याच्या फौजेशी लढून जिंकायचे, आणि त्या विजयाचेच हे दिवे.

एकाहत्तर साली ऐन हनुक्कात मलकाबाईंचा भाचा डॅनियल त्यांना इस्राएलला न्यायला आला. चार बुकं शिकलेला, तोरा मात्र कलेक्टरचा. मला बघून म्हणाला, हे भंगार तिकडं चालायचं नाही, आणि ही मराठी कीर्तनंही नाहीत.

त्या संध्याकाळी आख्यान ऐन रंगात असताना या दीडशहाण्यानं माझा भाताच दाबून धरला. सगळ्यांसमोर म्हणाला, "आत्या, कशाला या बढाया? आपले पूर्वज लढलेच नाहीत. राजाला भिऊन पळाले, कोकणात तारू फुटलं, तिथं घाण्यावर तेल गाळत बसले. ही लढाई आपली नाहीच."

मलकाबाईंची बोटं माझ्या पट्ट्यांवर तशीच राहिली. मला वाटलं, संपलं कीर्तन, आता हे पुन्हा कधी व्हायचं नाही.

"पळाले ना," मलकाबाई म्हणाल्या. "लेकरं काखेला मारून पळाले. म्हणून तर तू आहेस बाबा, मला शिकवायला. हात काढ."

त्यानं हात काढला. आख्यान शेवटपर्यंत झालं.

पुढच्या वर्षी त्या गेल्या. जाताना मला शेजारच्या रंगुबाईला देऊन गेल्या. आता मी तिच्या माळ्यावर असते आणि भात्यात उंदीर नांदतात. बहात्तरच्या दुष्काळात जामखेडकडची माणसं पोरंबाळं घेऊन इकडं खडी फोडायला आली, तेव्हा वेशीत उभा राहून आसाराम पाटील म्हणाला, "आले बघा पळपुटे." वीस वर्षं कीर्तन ऐकून याचे नुसते कानच झिजले!

मित्रांनो, माझी धूळ नाही झटकली तरी चालेल. पण दारात कुणी लेकरं घेऊन आलं, तर आधी पाणी द्या. का पळून आलात, हे विचारायची घाई करू नका.