जोडीतला हळू माणूस

तलावावरची पोरं तिला मास्तरीणबाई म्हणायची. पाण्यात पायाचा अंगठाही न बुडवता मिळालेली ही पदवी. नवरा पोहण्याचा मास्तर. निम्म्या गावाला त्यांनी पोहायला शिकवलं आणि ही तेवढी वर्षं काठावर टॉवेल सांभाळत बसली. स्वतःच्या बायकोला शिकवायचं मात्र राहून गेलं. राहून गेलं असं आपलं म्हणायचं. खरं तर मास्तरांना ते कधी सुचलंच नाही.

मास्तर निवृत्त झाले आणि घरात बसून भिंतींना सूचना देऊ लागले, तेव्हा भाचीने दोघांना समुद्रातल्या एका बेटावर धाडून दिलं. येताना विमानातच मास्तरांनी जाहीर केलं, "मी उतरेन पाण्यात. तू आपली नावेतून बघ. तुला नाही झेपायचं." ती "बरं" म्हणाली. पण पाण्याखाली काय असतं ते एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं, आणि तेही याच माणसाबरोबर, हे तिने मनाशी पक्कं केलं होतं. इच्छा साधीच होती, पण या वयात नवऱ्याला असलं काही सांगायची तिला लाज वाटत होती.

सकाळी नाव निघाली. नाववाली उन्हाने रापलेली, चाळिशीची बाई, जिभेला हाड नसलेली. किनारा मागे पडताच तिने नावेतल्या सगळ्या पाहुण्यांना समोर बसवलं.

"नीट ऐका, मग पाण्यात मला हाका मारायच्या नाहीत. मास्कच्या काचेला आतून थुंकी लावा, चोळा, विसळा, म्हणजे काच धुरकट होत नाही. लाजू नका, ज्याची त्याचीच थुंकी आहे. कडेखाली एक केस जरी राहिला तरी पाणी शिरतं, तेव्हा केस मागे. श्वास तोंडातल्या नळीने, सावकाश; नळीचं दुसरं टोक पाण्याच्या वर. नळीत पाणी गेलं तर जोरात फू करायचं. अंगातला शर्ट काढू नका, पाठ भाजून निघते आणि कळतही नाही. प्रवाळावर पाय द्यायचा नाही, ते जिवंत असतं, आणि तळवेही कापतात. शेवटचं म्हणजे जोडीशिवाय कोणी जायचं नाही. जोडीतला जो हळू, त्याच्या चालीने दुसऱ्याने जायचं. जोडी सोडली की नावेत बसायचं."

"मला शिकवतेय," मास्तर बायकोच्या कानात पुटपुटले. काचेवर थुंकायला तर त्यांनी साफ नकार दिला. तलावाच्या काठी थुंकणाऱ्यांना त्यांनी जन्मभर फैलावर घेतलं होतं.

"काका, तुमच्या जोडीला कोण?"

"कोणी नको. हिला पोहता येत नाही."

"पोहायचंय कुणाला? तरंगायचंय. काकू, येणार ना?"

"येणार," ती म्हणाली. इतक्या पटकन म्हणाली, की तिचं तिलाच नवल वाटलं.

लाइफ जॅकेट चढवून ती शिडीवरून उतरली. शेजारी मास्तर सुरू झालेच, "पाय ताठ! हनुवटी खाली!" आणि एवढं सांगून स्वतः सपासप हात मारत निघूनही गेले. मासे जीव मुठीत धरून पळाले. नाववालीने शिट्टी फुंकली, पुन्हा फुंकली, आणि शेवटी स्वतः पाण्यात उडी मारून त्यांना परत आणलं.

"अहो बाई, मी पोहण्याचा मास्तर आहे!"

"असाल. जोडी सोडलीत. वर चढा."

मास्तर वर चढले. शिडीला धरून ती मात्र लटकून राहिली. जोडी गेली, म्हणजे आपणही गेलो, असं वाटून ती रडायच्याच बेतात होती. तेवढ्यात नाववालीने हात पुढे केला. "चला काकू, मी येते."

तिने तोंड पाण्यात घातलं. आधी ऐकू आला तो स्वतःचा श्वास. मग खाली पिवळ्या माशांची रांग दिसली, जांभळं प्रवाळ दिसलं, आणि तळाच्या वाळूवर हातपाय पसरलेली तिची स्वतःची सावली. तिला मनापासून आनंद झाला. आणि या आनंदातही तो माणूस शेजारी नाही, हे सलत राहिलं.

परत आली तर मास्तर तिच्या चपला आणि चष्मा सांभाळत बसलेले.

"छान होतं?" त्यांनी विचारलं.

टोमणा अगदी जिभेवर आला होता. तिने तो गिळला. "तुम्ही नव्हतात," ती म्हणाली.

नाव दुसऱ्या जागी थांबली तेव्हा तिने नाववालीला सांगितलं, "यांना माझ्या जोडीला द्या."

"पुन्हा पळाले तर?"

"हात धरते."

या खेपेला मास्तर गेले नाहीत, पण सवय जाते थोडीच! मोकळ्या हाताने दोनदा पाणी कापलं, की श्वासासाठी मान वळली. मान वळली, की नळीचं टोक बुडालं. मास्तर खोकत, गुदमरत वर आले. डोळे विस्फारलेले. पाण्यात घाबरलेला नवरा तिने आजवर पाहिला नव्हता.

"फू करा, जोरात," ती म्हणाली. "आणि मान वळवू नका हो. श्वास वरून येतोय, येऊ द्या त्याला."

निम्म्या गावाला शिट्टीच्या तालावर श्वास घ्यायला लावणाऱ्या माणसाने मुकाट्याने मान डोलावली. दोघांनी तोंडं पाण्यात घातली. मास्तरांचे पाय जोरात चालू लागले की ती त्यांची बोटं दाबायची. हळूहळू पाय थंडावले, मग ओढही थांबली. खाली एक कासव गवत खात होतं. ते दोघं त्याच्यावर नुसते तरंगत राहिले. कासवाचं पोट भरलं, ते सावकाश निघून गेलं, आणि मास्तर त्याच्यामागे धावले नाहीत.

त्यांनी वर तोंड काढलं, नळी बाजूला केली. तिनेही केली. तिला वाटलं, आता काहीतरी सूचना येणार.

"अजून थोडं पुढे जाऊ या का?" त्यांनी विचारलं. "तू दमली नसलीस तर."

इतक्या वर्षांच्या संसारात या माणसाने तिला 'चल' म्हटलं होतं, 'थांब' म्हटलं होतं, पण 'जाऊ या का' असं कधी विचारलं नव्हतं.

"जाऊ या," ती म्हणाली, आणि नळी दातांत धरून पुढे निघाली.