फुलं दाखवायला

"फुलं बघायला चल म्हण, आणि येताना परस्पर तिकडेच सोड. आधी सांगितलंस तर ती खांबाला मिठी मारून बसेल," असं तेत्सुरोदादा नागोयाहून फोनवर म्हणाला, तेव्हा हिसायोला त्याचा राग आला नाही. राग यायलासुद्धा अंगात जोर लागतो. तो तिच्यात उरला नव्हता.

हिसायोनं साठी ओलांडली होती. लग्न केलं नव्हतं. वडील गेल्यापासून क्योतोच्या निशिजिन भागातल्या त्या अरुंद, लांबुडक्या घरात ती आणि आई किनुए दोघीच राहत. किनुए नव्वदीला टेकलेली. उभं आयुष्य मागावर बसून तिनं किमोनोवर बांधायचे रेशमी पट्टे विणले होते. माग केव्हाच विकला गेला, पण त्याची खटखट तिच्या जिभेत राहिली होती. हिवाळ्यात ती जिन्यावरून घसरली आणि तेव्हापासून रात्रीत चार वेळा हाक मारू लागली. चार वेळा हिसायोनं उठायचं, तिला धरून न्यायचं, धरून आणायचं. त्यात हिसायोच्या स्वतःच्या खुब्याचं हाड झिजलेलं. डॉक्टर म्हणाले, शस्त्रक्रिया आता पुढे ढकलता येणार नाही, आणि त्यानंतर कितीतरी महिने कुणाला उचलायचं नाव काढायचं नाही.

इवाकुराला डोंगराच्या पायथ्याशी वृद्धांचं एक निवासस्थान होतं. तिथं एक खोली रिकामी झाली. दादानं फोनाफोनी करून ती मिळवली. आईला सांगायचं तेवढं राहिलं होतं. आज सांगू, उद्या सांगू करता करता फेब्रुवारी सरला, मार्च सरला, आणि चेरी फुलली.

ठरल्या दिवशी सकाळी हिसायोनं आईचे केस विंचरले, तिला राखाडी किमोनो नेसवला. किनुए आरशात बघत म्हणाली, "तांदूळ भिजत घातलेस ना? आल्यावर बांबूच्या कोंबाचा भात करू. दोन वाट्या घाल, उरला तर उद्याला होईल."

हिसायोनं दोन वाट्या तांदूळ भिजत घातले. न घालायला कारण काय सांगणार?

टॅक्सी आली. ओगिनो नावाचा ड्रायव्हर, पन्नाशीचा, गोल चेहऱ्याचा आणि तोंडाला खीळ नसलेला. हिसायोनं आधीच बाहेर ठेवलेली बॅग उचलून त्यानं डिकीत टाकली आणि म्हणाला, "वा आजी, मुक्कामाचा बेत दिसतोय!"

"जुने कपडे आहेत," हिसायो घाईघाईनं म्हणाली. "द्यायचेत एकांना."

ओगिनोच्या हातात दिवसभराच्या मार्गाचा कागद होता, आणि त्यावर शेवटचा पत्ता इवाकुराचा होता. त्यानं एकदा कागदाकडे बघितलं, एकदा हिसायोकडे. मग कागद खिशात घातला आणि गाडी सुरू केली.

"बोला आजी, कुठं न्यायचं? मारुयामा बागेत जाऊ या का? तिथली झाडं बघायला अख्खा देश लोटतो."

"म्हणूनच नको. तिथं माणसं माणसांना बघायला जातात," किनुए म्हणाली. "हिरानोच्या देवळात घ्या. आणि लवकर. खाण्याच्या टपऱ्या पेटल्या की तळणाचा वास बसतो फुलांवर."

"आणि ओमुरोला?"

"इतकी वर्षं गाडी चालवताय ना? ओमुरोची झाडं बुटकी नि आळशी. सगळ्यांची फुलं गळून गेली की मग ती जागी होतात. आठ-दहा दिवसांनी जाऊ. काय गं हिसायो? तुझ्या दवाखान्याच्या आधी एक चक्कर होईल ना?"

"होईल," हिसायो म्हणाली. खिडकीची काच तिनं थोडी खाली केली. गाडीत हवाच नव्हती.

हिरानोला किनुए खुशीत होती. काठी टेकत झाडाझाडाखाली थांबली. एका फुलाला पाकळ्या किती, दुसऱ्याचा रंग कुठल्या वर्षी विणलेल्या पट्ट्यासारखा, हे सांगत राहिली. हिसायो हो हो करत होती आणि मनात वाक्यं जुळवत होती. आई, ऐक ना. आई, तुला एक सांगायचंय. प्रत्येक झाडाखाली ती वाक्याच्या उंबरठ्यापर्यंत जाई आणि मागे येई. बाहेर पडताना किनुएनं खारवलेल्या पानात गुंडाळलेले गुलाबी भाताचे दोन गोळे घेतले, एक स्वतः खाल्ला आणि दुसरा लेकीच्या हातात कोंबला.

"खा. तोंड किती उतरलंय तुझं. सोबत मी म्हातारी आहे म्हणून तूही म्हातारी व्हायला पाहिजे असं नाही."

हिसायोनं एक घास घेतला आणि उरलेला गोळा पानात परत गुंडाळला.

मग कामो नदीचा काठ झाला. झुकलेल्या फांद्यांचा मांडव, त्याखालून किनुएला टॅक्सीत घेतलेल्या चाकाच्या खुर्चीत बसवून एक फेरी. खुर्ची ढकलताना हिसायोच्या खुब्यातून कळ निघे. ती दात आवळून ढकलत राहिली. दुपार कलली तशी किनुए म्हणाली, "चला आता. पोट भरलं डोळ्यांचं. घरी जाऊन पाय पसरते."

टॅक्सी निघाली आणि उत्तरेकडे वळली. निवासस्थानाच्या बाईंनी बजावलं होतं, संध्याकाळच्या आत या, नाहीतर नाइलाजानं पुढच्या माणसाला बोलवावं लागेल. हिसायो सारखी घड्याळ बघत होती. ताकानो नदीकाठच्या रस्त्याला लागले आणि गाडी थांबली. पुढे गाड्याच गाड्या. डाव्या हाताला नदी, तिच्या काठानं ओळीनं फुललेली झाडं, आणि ती बघायला प्रत्येक गाडी मुंगीच्या पावलानं सरकत होती. फांद्या टपावर आल्या होत्या. पुढच्या काचेवर पाकळ्या बसत होत्या. ओगिनो मधूनच वायपर फिरवी आणि पुन्हा बंद करी. मागं जायला वाव नव्हता, पुढं सरकायला जागा नव्हती.

"हा रस्ता घरचा नाही," किनुए म्हणाली.

"इथली पण फुलं बघू म्हटलं," हिसायो म्हणाली.

"पुरे झाली म्हटलं ना मी."

तेवढ्यात हिसायोचा फोन वाजला. तिनं कानाला घट्ट दाबून धरला, तरी पलीकडच्या बाईचा आवाज खणखणीत होता. "कुठवर आलात? किनुएसानांचा पलंग खिडकीशी लावू की दाराशी? आणि चपलांवर नाव घातलंत ना त्यांच्या? इथं फार अदलाबदल होते हो."

किनुएचे कान तसे मंद झाले होते. पण स्वतःचं नाव तिला भिंतीपलीकडूनही ऐकू येई.

हिसायोनं फोन बंद केला. ओगिनोनं रेडिओकडे हात नेला आणि परत घेतला.

"कुठला पलंग?" किनुएनं विचारलं.

"आई..."

"डिकीत काय आहे?"

"आई, माझं ऐकून तर घे. शस्त्रक्रिया झाल्यावर मला तुझं काही करता येणार नाही. दादानं एक जागा बघितलीय. चांगली आहे. बाग आहे."

"किती दिवसांसाठी?"

हिसायोनं मांडीवरच्या फोनकडे बघितलं. त्यातच उत्तर होतं, आणि किनुए काही दूधखुळी नव्हती.

"केसानं गळा कापलास गं," ती हळूच म्हणाली. मग तिचा आवाज चढला. "विंचरता विंचरता कापलास! सकाळी किमोनो नेसवलास तो कशाला? पाठवणीला?" तिनं दाराची मूठ ओढली. दार हललं नाही. त्याची कळ ओगिनोच्या हाताशी होती. "अहो, दार उघडा."

"आजी, रस्त्यात आहोत आपण."

"रस्ता कुठं पळतोय? उघडा म्हणते ना!"

"उघडू नका," हिसायो म्हणाली. "प्लीज. ती पडेल."

ओगिनोनं आरशातून दोघींकडे बघितलं. किनुए आपल्या पातळ, निळ्या शिरांच्या हातांनी मूठ ओढतच होती.

"ताई," तो शेवटी म्हणाला, "माझी पण आई होती. मला माणूस गाडीत कोंडून नेता येणार नाही. तुम्ही आधी उतरा, त्यांना धरा. मग मी उघडतो."

हिसायो वळसा घालून आली. दार उघडलं. किनुएनं लेकीचा हात झिडकारला, काठी टेकली आणि नदीकाठच्या फूटपाथवरचं एक दगडी बाक गाठून धापा टाकत बसली. शेजारी चटईवर कॉलेजची मुलं डबे खात होती. त्यांनी दोघींकडे बघितलं आणि नजरा वळवल्या. टॅक्सी रांगेत अडकलेली, गोगलगाईसारखी त्यांच्या बाजूनं सरकत होती.

"कधीपासून माहीत होतं तुला?" किनुएनं विचारलं.

"फेब्रुवारीपासून."

"म्हणजे रोज माझ्याशी जेवलीस. रोज रात्री हात धरलास. आणि तोंडातून अवाक्षर नाही. फुलं दाखवायला आणलंस मला, का फुलं दाखवून आणलंस?"

"सांगितलं असतं तर आली असतीस?"

"नसते आले. भांडले असते. पण माझ्या घरात, माझ्या तोंडानं भांडले असते. इथं काय करू? ह्या पोरांसमोर छाती बडवून घेऊ?"

हिसायोच्या आत काहीतरी तुटलं. ती उभ्या उभ्याच म्हणाली, "आई, मला झोप पाहिजे. एक अख्खी रात्र. तू हाक मारलीस की मी उठते आणि उठताना मला वाटतं, आज हिनं हाक मारलीच नसती तर बरं झालं असतं. म्हणजे काय, ते कळतं ना तुला? असलं मनात येतं माझ्या. मग मी तुझा हात धरते आणि मलाच माझी भीती वाटते."

बाकाच्या दुसऱ्या टोकाला ती मटकन बसली. आईच्या तोंडाकडे बघायचा तिला धीर होईना.

किनुए नदीकडे बघत होती. पाण्याला फारशी ओढ नव्हती. पाकळ्या दगडांमागं साचल्या होत्या.

"हे तोंडानं सांगायचं होतंस," अखेर ती म्हणाली. "हे मला कळलं असतं. बाग आहे म्हणे! बाग काय चाटायचीय मला?"

"चुकलं माझं."

"चुकलंच. लाव फोन त्या बाईला. आणि मध्ये बोलू नकोस."

हिसायोनं फोन लावून दिला. किनुए ताठ बसली आणि क्योतोच्या जुन्या बायका बोलतात तशा रेशमी, धारदार आवाजात म्हणाली, "मी किनुए बोलतेय. हो, तीच, जिच्या चपला हरवायच्यात. आज मला यायला जमणार नाही, मी फुलं बघतेय. उद्या सकाळी येईन. माझ्या पायांनी येईन, कुणी आणायचं नाही. खोली दुसऱ्याला दिलीत तर मी तुमच्या दारात बसेन, आणि मी फार बोलते. पलंग दाराशी लावा. खिडकी नको."

त्या संध्याकाळी बांबूचा भात झाला. किनुए जेवली, पण लेकीशी एक शब्द बोलली नाही. रात्री तिनं एकदाही हाक मारली नाही. भिंतीला धरधरून स्वतःच जाऊन आली, आणि हिसायो अंथरुणात डोळे उघडे ठेवून त्या पावलांचा आवाज ऐकत राहिली. हवी होती ती रात्र अशी मिळाली.

दुसऱ्या दिवशी किनुए इवाकुराला गेली. वाटेत तिनं खिडकीबाहेर बघितलं नाही. दारात निरोप घेताना हिसायोनं वाकून नमस्कार केला, तेव्हा ती परक्या पाहुण्याला म्हणावं तसं म्हणाली, "आपण फार त्रास घेतलात." ते 'आपण' हिसायोला चपराकीपेक्षा जास्त लागलं.

शस्त्रक्रिया नीट झाली. उन्हाळा सरला, पानगळ झाली. हिसायो काठीशिवाय चालू लागली आणि दर रविवारी इवाकुराला जाऊ लागली. आई हळूहळू 'तू'वर आली. जेवण बेचव असतं म्हणायची, शेजारची बाई घोरते म्हणायची, दादानं पाठवलेली फळं आंबट निघाली म्हणायची. बरी होती. फक्त त्या दिवसाबद्दल दोघी कधी बोलल्या नाहीत.

वर्ष फिरलं. चेरी पुन्हा फुलली. हिसायो एका रविवारी म्हणाली, "आई, ह्या वेळी ओमुरोला जाऊ या का? संध्याकाळी परत इथं आणून सोडते. शपथ."

"फुलं बघायला चल म्हणणाऱ्या माणसाबरोबर मी जात नाही," किनुए म्हणाली. म्हणताना ती हसत होती, पण म्हणणं खरं होतं. तिनं गुडघ्यांवरची शाल सारखी केली. "जरा चालून दाखव बघू. त्या टोकापर्यंत."

हिसायो व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेली, वळली आणि परत आली.

"लंगडत नाहीस आता," किनुए म्हणाली. "चांगलं झालं. जा, तुझी बस चुकेल."

बाहेरच्या काचेच्या दाराला आकड्यांचं कुलूप होतं, आतल्यांनी भटकू नये म्हणून. परिचारिकेनं आकडे दाबले, दार सरकलं, हिसायो बाहेर आली, दार मिटलं. तिनं वळून हात हलवला. काचेपलीकडे किनुए काठीवर दोन्ही हात ठेवून उभी होती. तिनं हात हलवला नाही. थोडा वेळ लेकीकडे बघितलं आणि पाठ फिरवून आत निघाली, भिंतीला न धरता, हळूहळू.

बस आली. चटया आणि डबे घेतलेली माणसं हसत तीत चढली. ड्रायव्हरनं हिसायोकडे बघितलं. तिनं मान हलवून त्याला जायला सांगितलं आणि ती तिथंच, काचेकडे तोंड करून उभी राहिली. घरी कुणी हाक मारणार नव्हतं. जायचं तर कुठंही जाता आलं असतं.