थोपटण्याची लय

"काकू, बैठ जाओ ना, प्लीज. मागच्यांना परेशानी होतेय," आयोजक रघुवीर कानाशी येऊन कुजबुजला.

"होऊ दे परेशानी, भिया. मी नाही बसणार," शोभनाबाई म्हणाल्या.

इंदूरच्या त्या सभागृहात त्यांच्या नवऱ्याच्या पंचाहत्तरीचा सत्कार चालला होता. ज्यांच्या बंदिशी देशभर गाइल्या जातात ते अरविंदराव पहिल्या रांगेत बसले होते, मांडीवर नुकतीच मिळालेली शाल. गळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून आवाज पार गेलेला. आणि मंचावर त्यांचाच लाडका शिष्य ऋषभ त्यांची सगळ्यात गाजलेली बंदीश नुसती पळवत सुटला होता. मेल्याची गाडी सुटत होती की काय कोण जाणे! लोकही टाळ्या पिटून त्याला आणखी पळवत होते.

'हौले बोल, मोरी लाडो सोई.' हळू बोल, माझी लाडकी झोपलीये, असे त्या बंदिशीचे बोल. लेक इरावती तेव्हा चार वर्षांची, तापाने फणफणलेली. अन्नपूर्णा भागातल्या भाड्याच्या खोलीत अरविंदराव तिला मांडीवर घेऊन थोपटत होते आणि थोपटता थोपटता त्यांना ही ओळ सुचली. त्या थोपटण्याचीच लय त्यांनी बंदिशीला दिली. पोर त्या तापातून उठली नाही. पुढे कितीजण म्हणाले, जरा लय चढी करा, मैफल रंगेल. अरविंदराव कुणाच्या बापाला बधले नाहीत.

मघाशी त्यांनी हात वर करून 'हळू' अशी खूण केली होती. ऋषभने हसून नमस्कार केला आणि लय आणखी वाढवली. तेव्हाच बाई ताडकन उठल्या होत्या.

"ऋषभ, थांब!"

तबला अडखळला, थांबला. ऋषभ ओशाळं हसला. "काकू, आजकल पब्लिकला हेच पसंत पडतं. नाव तर गुरुजींचंच होतंय ना?"

"नाव गेलं खड्ड्यात! माझी पोरगी झोपलीये रे. हळू म्हण, नाहीतर म्हणूच नकोस."

ऋषभची मान खाली गेली. तानपुरे तेवढे वाजत राहिले. तबलजीने अरविंदरावांकडे पाहिलं.

अरविंदराव मांडीवरची शाल थोपटत होते, अगदी सावकाश. तबलजीने त्यांच्या हातावर नजर ठेवून तोच ठेका धरला.

मग शोभनाबाई बसल्या आणि शालीचं सरकलेलं टोक त्यांनी नीट सारखं केलं.