ढोल्या आणि टोक्याची चढण

निसार मिस्त्रीनं एअरफोर्समध्ये पंधरा वर्षं विमानांची इंजिनं उघडली आणि मिटली, पण त्याला विमानातलं काही कळतं असं मानायला गडमुडशिंगीत एक माणूस तयार नव्हता. गावाच्या लेखी तो विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करणारा मिस्त्री. त्यातून आकारामच्या मोटारीला त्यानं घातलेलं बेअरिंग महिन्याभरात गेलं होतं, आणि आकाराम ते गावाला विसरू देत नव्हता. दोघं पहिलीपासूनचे दोस्त. त्यामुळं एकमेकांची अब्रू काढायचा हक्क त्यांना आपोआपच मिळाला होता.

गावाला लागून विमानतळ होता, पण तिथं विमानांपेक्षा म्हशींची ये-जा जास्त. १९८३च्या थंडीत मात्र एका गिरणीच्या उद्घाटनाला मुंबईहून दोन शेठ आले, ते आपापल्या जेट विमानातून. एकाचं विमान सडपातळ, टोकदार नाकाचं, पंखांच्या टोकांना टाक्या लावलेलं. दुसरं आखूड, सरळ पंखांचं आणि पोटानं सुटलेलं. तासाभरात गावानं पहिल्याला टोक्या आणि दुसऱ्याला ढोल्या अशी नावं ठेवून टाकली. शेठ लोकांची नावं विचारायची कुणाला गरज वाटली नाही.

चहाच्या टपरीवर वाद पेटला.

"चढायला टोक्याच भारी," निसार म्हणाला. "मिनिटाला सहा हजार फूट चढतंय. ढोल्याची तीन हजारातच जीभ बाहीर येती."

"तुला कुणी सांगितलं?" आकारामनं विचारलं.

"पुस्तकात छापलंय."

"पुस्तकात गाढवं बी उडत्यात. आरं, बैल घेताना छाती बघत्यात, नाक न्हवं! ढोल्याची छाती बघ की."

निसारनं कपबशी हातात घेऊन समजावून सांगितलं, की वजनाच्या मानानं इंजिनाचा जोर किती, यावर चढण ठरते. लोकांनी कपबशीकडं बघितलं, निसारकडं बघितलं, आणि ते आकारामच्या बाजूला गेले. शेवटी ठरलं, की उद्या विमानं परत जाताना मोजायचं. जो हरेल त्यानं टपरीसमोर उभं राहून 'मला विमानातलं काय बी कळत न्हाय' असं तीनदा म्हणायचं.

निसारनं मोजायचं यंत्र स्वतःच बनवलं. प्लास्टिक पाइपचा हातभर तुकडा, त्याला शाळेतला कोनमापक बांधलेला आणि खाली गवंड्याचा ओळंबा. आकारामची विहीर धावपट्टीच्या पूर्व टोकाबाहेर, विमानांच्या वाटेवरच होती. विहिरीपासून चारशे पावलांवर निसार उभा राहणार; विमान बरोबर विहिरीवर आलं की विहिरीवरून आकाराम ओरडणार, आणि त्या क्षणी पाइपातून विमान धरून ओळंब्याची दोरी किती अंशांवर आहे ते वाचायचं. जास्त अंश, जास्त उंची. यात खोट काढायला जागाच नव्हती.

दुसऱ्या दिवशी अकराला ढोल्या निघाला.

"आलंऽऽ!" आकाराम ओरडला.

निसारनं वाचलं: बेचाळीस अंश.

पाठोपाठ टोक्या निघाला. आवाज असा, की आकारामची म्हैस दावं तोडून उसात घुसली. पण विमान काही केल्या वर जाईना. विहिरीवर आलं तेव्हा दोरी एकतीसवर होती. निसारनं डोळे पुसले, कोनमापक उलटा करून बघितला, ओळंबा हलवून बघितला. एकतीस ते एकतीसच.

तो आकडा लपवता आला असता. यंत्र त्याच्याच हातात होतं. पण निसारला खोटं बोलता येत नसे. बायको नजीराच्या मते त्याच्या साऱ्या अडचणींचं मूळ तेच होतं. त्यानं दोन्ही आकडे सांगितले आणि तो टपरीसमोर उभा राहून तीनदा म्हणाला, "मला विमानातलं काय बी कळत न्हाय." पहिल्या वेळी लोक हसले. तिसऱ्या वेळी त्याचा आवाज फाटला, तेव्हा आकारामसुद्धा नजर चुकवून चहा ढवळत बसला.

आठवडाभर निसारला अन्न गोड लागलं नाही. मग शहरातल्या शाहूपुरीत गुळाचे व्यापारी गणपतराव यांच्याकडं तो मोटार बघायला गेला, तर ते फुशारकीनं सांगू लागले, "आपला गूळ विमानातनं गेला, मिस्त्री! शेठच्या पोरीचं लगीन हाय. अठरा ढेपा घातल्या आत."

"कुठल्या विमानात?"

"त्या टोकदार नाकाच्या. ड्रायव्हर नको नको म्हणत हुता, पण शेठपुढं त्याचं काय चालतंय?"

तीस किलोची एक ढेप. म्हणजे जवळजवळ साडेपाचशे किलो गूळ, वर शेठ आणि शेठचे पाव्हणे. निसार सायकल हाणत गावात आला आणि आकारामला त्यानं भर रस्त्यात सगळं सांगितलं.

"हरलेल्या पैलवानानं लंगोट आवळ हुता म्हणू नये," आकाराम म्हणाला.

"आरं, तुझ्या पैलवानाच्या पाठीवर अठरा ढेपा घाल आन् मग कुस्ती लाव!"

हे मात्र आकारामला पटलं. पाठीवर ओझं घेतलेल्या पैलवानाची कुस्ती कुणी धरली नसती. फेरलढत ठरली.

तशी संधी वैशाखात आली. एका लग्नाला दोन्ही विमानं पुन्हा उतरली. ह्या खेपेला निसारनं विमानतळाच्या पहारेकऱ्याकडून खात्री करून घेतली, की टोक्यात गूळ नाही. दुपारी चारला अर्धं गाव विहिरीभोवती जमलं. आकाराम काठावर चढला, निसारनं चारशे पावलं मोजली, पाइपाला डोळा लावला. इंजिनांचा आवाज वाढला, आणि मग हळूहळू कमी होत गेला. पुन्हा एकदा वाढला, पुन्हा कमी झाला. विहिरीवर काहीच आलं नाही.

निसारच्या टोपीला वाऱ्यानं धक्का दिला, तेव्हा त्याच्या डोक्यात उजेड पडला. वारा पश्चिमेचा होता. विमान वाऱ्याच्या तोंडावर उडतं, हे एअरफोर्समध्ये पहिल्या दिवशी शिकवतात. दोन्ही विमानं तिकडच्या अंगानं, उजळाईवाडीवरून निघून गेली होती.

"मिस्त्री," आकाराम काठावरून म्हणाला, "खरंच तुला विमानातलं काय बी कळत न्हाय."

हसण्या-बोलण्यात तासभर गेला. लोक पांगायच्या बेतात होते, तेवढ्यात आकारामची बायको तानाबाई उजळाईवाडीच्या बहिणीकडून परत आली. डोक्यावरची पाटी उतरवायच्या आधीच ती बोलायला लागली. "काय ही इमानं म्हणायची! चिंचेवरनं एक गेलं, तवा माजी पाटी पडाय आली. पोटाखालचं काळं त्याल बी दिसलं!"

निसार धावला. "वैनी, कुठलं गेलं खालनं?"

"ढोल्या की. दुसरं त्याच चिंचेवर आलं तवा घारीएवढं झालतं."

निसारनं तिला हात लांब करून बोटांनी माप दाखवायला लावलं. ढोल्या वीतभर, टोक्या तीन बोटं. त्यानं विहिरीच्या दगडावर खडूनं आकडे मांडले, खोडले, पुन्हा मांडले. टोक्या ढोल्याच्या चौपट उंचीवर होता.

गाव ओरडलं. आकाराम बायकोवर डोळे वटारून म्हणाला, "घरचं माणूस आन् पावण्याची साक्ष?"

"मग काय डोळं मिटून खोटं सांगू व्हय?" तानाबाई म्हणाली. "म्हणा आता तीनदा."

आकाराम घसा खाकरून उभा राहिला. निसारच्या पाठीवर थापा पडत होत्या. चार महिन्यांत पहिल्यांदा त्याची छाती भरून आली होती. आणि नेमकं त्याच वेळी त्याच्या तोंडून निघून गेलं, "वैनी, ढोल्यात माणसं किती बसली?"

"कुंपणाजवळनं बघितलं की मी, लग्नातली सारी त्यातच कोंबली. आठ-नऊ हुती. सामान निराळंच. दुसऱ्यात निस्ता ड्रायव्हर आन् त्याचा जोडीदार."

निसारनं खडू खाली ठेवला. क्षणभर त्याला वाटलं, गप्प बसावं, विचारलंय कुणी? मग तो म्हणाला, "आकाराम, थांब. ह्यो निकाल धरू नगंस. ह्या बारीला वजन ढोल्यावर हुतं."

"येडा हायस काय?" आकाराम खेकसला. "जिंकलास न्हवं? घे की!"

"कसा घेऊ? गुळाला एक न्याय आन् वऱ्हाडाला दुसरा?"

"मी हरलोय म्हणतोय न्हवं!"

"न्हाय हरलास!"

"हरलोय! तू कोण ठरवणार?"

असे दोघं पार अंगावर जाईपर्यंत भांडले आणि लोकांनी त्यांना ओढून लांब केलं. विमानांचा निकाल काही लागला नाही. टोक्या आणि ढोल्या परत एकत्र आलेच नाहीत.

पण त्या दिवसापासून एक झालं. आभाळात कुठलंही विमान घरघरलं, की लोक कामं सोडून निसारच्या दुकानापुढं यायचे आणि विचारायचे, "मिस्त्री, आत वजन किती असंल?" निसार कपाळावर हात धरून बराच वेळ वर बघायचा आणि म्हणायचा, "बघितल्याशिवाय सांगणार न्हाय." आणि आकाराम शेजारी उभा राहून नव्या माणसाला ठणकावायचा, "ऐकलंस न्हवं पावणं? त्यो अंदाज सांगत नसतोय."