खानावळीतली दमणूक

"माज्यान उठाक होणा नाय," दौलतनं गोधडीतूनच जाहीर केलं. "अंगात जीवच रवलो नाय."

अंबिका परातीत तांदळाचं पीठ मळत होती. तिनं मान वर केली नाही.

"आनि काल शिवाजी पार्कार 'झालोच पायजे, झालोच पायजे' करून बोंबलत कोण होतो?"

"ता येगळा. ता महाराष्ट्रासाठी."

"मगे नळावरचा पाणी कोणासाठी? दिल्लीवाल्यांसाठी?"

दौलत कुशीवर वळला. हंडे उचलून अंबिकाच जिना उतरली.

लालबागच्या त्या चाळीत वरच्या माळ्यावर अंबिकेची खानावळ होती. खानावळ कसली, एकच खोली. एका अंगाला मातीची शेगडी, पाटा-वरवंटा आणि टोपांची उतरंड, दुसऱ्या अंगाला जेवणाऱ्यांची पंगत. जेवणारे सगळे कोकणातले, गावाकडचे, गिरणीत राबणारे. कोण पहिल्या पाळीला, कोण दुसऱ्या, कोण रातपाळीला. गड्यांना पाळी एक. अंबिकेला मात्र तिन्ही पाळ्या एकटीलाच. दौलत साच्यांवर कापड विणायचा. त्याची पाळी सुटली की तो मोकळा, मग सभा, मोर्चा, नाही तर गोधडी.

पावसाळा सरला होता. आश्विनातलं ऊन पत्र्यावर नुसतं भाजत होतं आणि गिरण्यांची काजळी घामात मिसळून अंगाला चिकटत होती. अशा दिवसांत दौलतला ही दमणूक लागली. गडी अंगानं रेड्यासारखा, पण बसला की उठेना, उठला की जांभई. बघता बघता त्याची दमणूक सगळ्या चाळीची झाली. ज्याला त्याला कारण माहीत, ज्याच्या त्याच्याकडे उतारा.

पंगतीतले थोर म्हणजे धोंडूभावजी. भावकीतले वडीलधारे, मिशा पांढऱ्या, शब्द शेवटचा. त्यांनी भाताचा गोळा तोंडात घालता घालता निदान केलं.

"देवाची वर्साची राखण चुकली हा. गावच्या देवाक कोंबो दिवक व्हयो."

"मुंबईत बसान गावच्या देवाक?" अंबिकेनं विचारलं.

"देवाक काय तिकीट लागता? नाव घेवचा आणि कापूचो."

कोंबडा आला. अंबिकेनं तो साफ केला, खोबरं भाजलं, वाटण वाटलं, वडे तळले. देवाचं नाव घेऊन सगळी पंगत तुटून पडली. अंबिका जेवायला बसली तेव्हा टोपात कोंबड्याची मुंडी तेवढी शिल्लक होती. ती तिच्याकडे बघत होती आणि ही तिच्याकडे.

कोंबड्यानं गुण आला नाही. मग कुणी सांगितलं बोकडाचे पाय उकळा. कुणी म्हणालं गुळवेलीचा काढा. कुणी म्हणालं तिन्हीसांजेला कोमट खोबरेल घेऊन टाळूपासून टाचेपर्यंत रगडा. उकळायचं कुणी, आटवायचं कुणी, रगडायचं कुणी, हे काही कुणाला विचारावं लागलं नाही. पंधरवड्यात दौलतचे गाल आंब्यासारखे वर आले. दमणूक मात्र होती तिथंच.

आणि अंबिका? ती जिन्याच्या वळणावर हंडा टेकून उभी राहायची. छातीत कुणी कांडण कांडतंय असं धडधडायचं. नळाच्या रांगेत उभ्या उभ्या डोळा लागायचा. कढीत कधी मीठ दुप्पट पडे, कधी पडतच नसे. दोन जेवणारे कुरकुर करत शेजारच्या गल्लीतल्या खानावळीत गेले. तिनं बोटांवर हिशोब मांडला. खानावळ बसली तर दौलतच्या एकट्याच्या पगारावर मुंबई निभायची नाही. गाठोडं बांधून गाव गाठायची पाळी.

त्यात तिला एक चोरटी खोड लागली होती. शेगडी लिंपायला गावाहून तांबडी माती यायची. पिशवीवर पाणी शिंपडलं की असा वास सुटे की अंबिकेला राहवत नसे. एक खडा जिभेवर ठेवायची. मग दुसरा. शेगडी आहे तशी आणि माती मात्र अर्धी झालेली.

एकदा बकुळानं तिला पकडलंच. बकुळा खालच्या माळ्यावरची, गिरणीत सूत भरायच्या खात्यात कामाला, जिभेनं फटकळ.

"अगं, तोंडात काय घातलंस?"

"काय नाय."

"मग दात लाल कशानं झालं? शेगडी लिंपतीस का खातीस?"

अंबिका रडवेली झाली. "वास इलो की रवाक होणा नाय गो. कोणाक सांगा नको. माका बाधा झाली म्हणतले."

"बाधा! नागपूरला जाऊन आम्ही देव सोडून आलो, आता भुतं कशाला संभाळू? चल दवाखान्यात. डॉक्टरीण चांगली हाये."

"माका काय झाला? दमलो तो घोव."

बकुळानं तिच्याकडं नीट बघितलं आणि सूर बदलला. "बरं बाई. त्यालाच नेऊ. तू आपली संगट चल."

परळला एका चाळीच्या तळाशी मृणालिनी डॉक्टरणींचा दवाखाना होता. चष्मा, पांढरं पातळ, आवाज शांत. त्यांनी दौलतची छाती ऐकली, पोट दाबलं, पापणी खाली ओढून बघितली. आतून तांबडीबुंद, जास्वंदीसारखी.

"यांच्या अंगात गावजेवण घालता येईल इतकं रक्त आहे," त्या म्हणाल्या. "काढे बंद करा. काम वाढवा."

दौलतचा चेहरा पडला. तोवर डॉक्टरणींची नजर मागं गेली होती. अंबिका दाराची चौकट धरून उभी होती, ओठ खडूसारखे.

"तुम्ही पुढं या."

"मी? मी बरी आसय."

तिची पापणी आतून ओल्या खोबऱ्यासारखी पांढरी निघाली. डॉक्टरणींनी दौलतला बाहेर बसवलं आणि एकेक विचारायला लागल्या. झोप किती? जेवता कधी? काय उरतं तुमच्यासाठी? महिन्याचं अंगावर फार जातं का? अंबिका खाली मान घालून उत्तरं देत होती. मातीचं मात्र तिनं गिळलं, तेव्हा बकुळानंच सांगितलं.

अंबिकेला वाटलं, आता बाई ओरडणार. पण त्या नुसत्या मान हलवत म्हणाल्या, "रक्त फार कमी झालं की पुष्कळ बायकांना माती खावीशी वाटते. ती बाधा नाही, तुमचा दोषही नाही. थकवा नाना कारणांनी येतो हो. अपुरी झोप, अर्धपोटी राहणं, जुना ताप, मनाला घोर. म्हणून अंदाजानं औषध द्यायचं नसतं, तपासायचं असतं. गावी लावणीला जाता ना? अनवाणी?"

"चिखलात वहाणा कोण घालता?"

"त्या मातीतून बारीक जंत पायाच्या कातडीतून आत शिरतात. आतड्यात बसून रक्त पितात."

"पायातसून पोटात?" अंबिकेनं आपल्या पायांकडं असं बघितलं, जणू त्यांनी घर फोडलं होतं.

"असं मला वाटतं. खात्री करायला उद्या सकाळी थोडी शी डबीतून पाठवा. नवऱ्याच्या हातून पाठवा, त्यांना काम हवंच आहे."

दुसऱ्या दिवशी मलमाची रिकामी डबी धुतल्या फडक्यात गुंडाळून दौलत जिना उतरत होता. नेमके धोंडूभावजी समोरून वर येत होते.

"फडक्यात काय रे, दौलत? गावसून प्रसाद इलो?" आणि त्यांनी भक्तीनं हात पुढं केला.

"प्रसाद नाय! ता... ता अंबिकाचा आसा!" असं ओरडून गडी तीन-तीन पायऱ्या टाकत जो पळाला, तो थेट परळला थांबला. दमणुकीचं नाव नाही.

जंत निघाले. डॉक्टरणींनी जंतांचं औषध दिलं, लोहाची बाटली दिली, आणि बजावलं, "दुपारी आडवं व्हायचं. आणि खरवडीवर जगायचं नाही. पालेभाजी, मासळी, कडधान्य, ताजं, पोटभर. सगळ्यांच्या शेवटी बसलात तर बाटली फुकट जाईल."

औषध घेणं सोपं होतं. बसणं अवघड. अंबिका दोन दिवस टोप ढवळत विचार करत राहिली. तिसऱ्या दिवशी पहिली पाळी सुटली, गडी हातपाय धुऊन पाटांवर बसले. अंबिकेनं एक ताट वाढलं. भात, बांगड्याची मधली तुकडी, माठाची भाजी. ताट घेऊन ती शेगडीपाशी बसली आणि पहिला घास स्वतःच्या तोंडात घातला.

वाढायची वाट बघणारे गडी एकमेकांकडं बघू लागले.

"गो, पंगत बसली हा," धोंडूभावजी खाकरले.

"मी पण बसलंय."

"बायमाणूस आदी जेवता? माजी आवस सगळ्यांच्या शेवटाक जेवायची. कधी एक शब्द बोलली नाय."

अंबिकेनं घास गिळला. "भावजी, आवस किती वर्सांची होऊन गेली?"

आईच्या आठवणीनं धोंडूभावजींनी मिशीवरून हात फिरवला. मग खालच्या आवाजात म्हणाले, "तरणीच गेली. लावणी करताना बांधार बसली, ती उठाक नाय. सारखी दमायची. लोक म्हणाले, बाधा झाली."

"माती खायची?"

धोंडूभावजींनी होकाराची मान हलवली. मग आपल्या पुढ्यातला पाण्याचा तांब्या उचलून तिच्या ताटाशी नेऊन ठेवला.

"सावकाश जेव," ते म्हणाले. मग पंगतीवर डोळे वटारले. "कोणाक घाई आसा?"

कुणालाच नव्हती. दौलतनं कढीच्या टोपाकडं हात नेला होता, तो मागं घेतला.

त्या दिवसापासून खानावळीची रीत बदलली. शेजारच्या गल्लीत गेलेले दोघे परत आले, कारण कढीत मीठ आता बेतशीर पडू लागलं होतं. दुपारी अंबिका आडवी झाली की धोंडूभावजी दारात पाट टाकून बसत आणि जिन्यात मोठ्यानं बोलणाऱ्याला शिव्या घालत. पाणी भरणं, कोळसा आणणं, टोप घासणं दौलतकडं आलं. मोर्चे त्यानं सोडले नाहीत, पण आता हंडे भरून झाल्यावरच जायची परवानगी होती.

थंडी पडू लागली तसा एका संध्याकाळी तो एकटाच मृणालिनी डॉक्टरणींकडं जाऊन बसला. खांदे पडलेले, हाताला घट्टे.

"डॉक्टरीणबाय, आता मी खराच दमतंय. शप्पत."

"झोप लागते?"

"पडल्या पडल्या."

"भूक?"

"वाघासारकी."

डॉक्टरणींनी चष्मा पुसला, कागद पुढं ओढला आणि टाक उचलला. दौलतच्या जिवात जीव आला. एकदाचं आपल्याही नावाचं औषध निघालं म्हणून त्यानं घडी केलेला कागद खिशात जपून घरी नेला आणि अंबिकेपुढं ठेवला. दोघांनाही वाचता येत नव्हतं. वाचून दाखवलं बकुळानं.

"प्रकृती उत्तम. उद्यापासून मसालाही वाटावा."