घंगाळातली विद्या

"ओढला तर न्हाई ना?" दवाखान्याच्या उंबऱ्याबाहेर वहाणा काढत कडूबाईनं विचारलं.

डॉक्टरसाहेबांनी भिंतीकडं तोंड फिरवलं. कंपाउंडर राधाकिशननं त्यांच्या मागून हळूच मान हलवली. ओढला होता. चिमट्यानं ओढला होता आणि तुटला होता.

कडूबाईनं खाटेवरचा पाय पाहिला. घोटा सुजून भोपळा झाला होता. हैदराबादेत सहा वर्षं शिकलेला माणूस, भिंतीवर सरकारी मोहरेची सनद टांगलेली, आणि पायातून वीतभर नारू बाहेर आल्यावर त्यानं जे केलं ते गावातलं शेंबडं पोरही करणार नाही. तिला हसू येत होतं. पण साहेब कण्हत होते, म्हणून तिनं ते पदराआड दाबलं.

मांजरसुंब्याच्या घाटाखालचं हे गाव पायऱ्यांच्या बारवेचं पाणी पीत असे आणि दर उन्हाळ्यात निम्म्या गावाच्या पायांतून दोऱ्यासारखा लांबच लांब जंत, म्हणजे नारू, बाहेर पडत असे. तो काढावा कडूबाईनंच. शेळ्या राखता राखता तिनं चाळीस वर्षांत सात गावांचे पाय मोकळे केले होते. सरकारी दवाखाना येऊन दोन वर्षं झाली होती, पण तिथं लोक खोकल्याचं औषध घ्यायला जात, तेही गोड लागतं म्हणून. नारूचा रोगी दवाखान्यावरून लंगडत तिच्या अंगणात जाई आणि साहेब खिडकीतून नाक मुरडत. गेल्या वर्षी पाटील अर्जुनरावांकडं त्यांनी भिडेखातर न गाळलेलं पाणी प्यायलं, आणि यंदा त्यांचीच पाळी आली.

धोतऱ्याची पानं गरम करून बांधत तिनं सूज उतरवली. आठ दिवसांनी तुटकं टोक पुन्हा दिसलं. ते तिनं बारीक काडीला लावलं, काहीतरी पुटपुटत एक वेढा दिला, काडी पायाला बांधली आणि उठली. दुसऱ्या दिवशी आणखी एक वेढा. साहेब म्हणाले, एवढंच काय, अजून फिरव. तेव्हा तिनं, मी शेळ्यांकडं चालले, तुमचं तुम्ही फिरवा, असं ऐकवलं. त्यानंतर साहेब रोज नुसता पाय पुढं करू लागले.

विसाव्या दिवशी नारू सबंध निघाला. साहेबांनी वही उघडली. अम्मा, सगळं सांग, राधाकिशनला शिकव, मी लिहून बीडच्या आणि मोमिनाबादच्या दवाखान्यांना धाडतो, असं ते फार आर्जवानं म्हणाले.

कडूबाईचा चेहरा उतरला. "असं सांगता येत न्हाई सायेब. सांगनाऱ्याच्या हातचा गुन जातो. ही इद्या सांगायची तर एकालाच, सूर्याला गिरान लागल्यावर, बारवेत गुडघाभर पान्यात हुबं ऱ्हाऊन. सासूनं मला सांगितली, आन मागून तिच्या हातून एक नारू निघाला न्हाई."

तिचा नवरा गेला होता, पोटी कुणी नव्हतं. लोक तिला घोंगडी टाकून बसवत ते या हातासाठी. हात गेला की उरली नुसती शेळ्यांमागची म्हातारी. राधाकिशनला हे न सांगताच कळलं आणि त्याला वाईट वाटलं.

साहेबांचं लक्ष मात्र दुसरीकडंच गेलं होतं. बारवेतच का, त्यांनी विचारलं. तिनं सांगितलं, थंड पाणी लागलं की नारू डोकं बाहेर काढतो, म्हणून प्रत्येक रोग्याला आधी बारवेत पाय सोडून बसवायचं.

साहेबांनी टेबलावर खुर्दबीन, म्हणजे सूक्ष्मदर्शक, मांडली. कडूबाईसाठी बाहेर थांबलेल्या धोंडीराम नावाच्या रोग्याच्या नारूवर थंड पाणी ओतून वाटीत धरलं आणि त्यातला थेंब काचेखाली ठेवला. कडूबाईला प्रथम स्वतःच्याच पापण्या दिसल्या. मग दिसलं की थेंबभर पाण्यात शेकडो बारीक धागे वळवळताहेत. ती नारूची पिल्लं होती. थंड पाण्यात तो ती सोडतो आणि गाव तेच पाणी पितं, हे राधाकिशननं समजावून सांगितलं.

तिनं काचेवरून डोळा काढला. "म्हंजी काढीत बी मीच व्हते, आन पेरीत बी मीच?"

"अम्मा, दोन साल आपन एकाच गल्लीत हाय," साहेब म्हणाले. "तू मला पुसलं न्हाई, मी तुला पुसलं न्हाई."

पंधरा दिवसांवर सूर्यग्रहण होतं, आणि त्या दिवशी राधाकिशनला विद्या द्यायचं तिनं कबूल केलं. बारवेत पाय घालायचा नाही हे आता ठरलं, पण पाण्याशिवाय विद्या द्यायला ती तयार होईना. शेवटी अर्जुनरावांचं लग्नातलं तांब्याचं घंगाळ दवाखान्याच्या अंगणात आलं. राधाकिशन त्यात उभा राहिला, तर पाणी पोटरीच्या वर चढेना, म्हणून तो बिचारा घंगाळात गुडघे टेकून बसला. साहेबही धोतर नेसून आले. एकालाच द्यायची, असं कडूबाईनं बजावलं. ते म्हणाले, मी माणूस नाही, मी सरकार आहे, मला मोजू नको. तिनं खूप विचार केला आणि सरकारनं घंगाळाबाहेर पाठ करून बसावं, कान उघडे ठेवायला हरकत नाही, असा निकाल दिला.

ग्रहणात बाहेर पडू नये म्हणून सारं गाव दारांच्या फटींतून बघत होतं. गुडघ्यांना रग लागली म्हणून राधाकिशन मंत्र भरभर म्हणू लागला, तशी तिनं त्याच्या डोक्यात टपली मारली. मंत्र संपेस्तोवर एकच वेढा. घाई केली की तुटतो, ती म्हणाली. साहेबांनी हे लिहून खाली दोन रेघा मारल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी लांबच्या गावचा सटवा लंगडत तिच्या अंगणात आला. सवयीनं तिचा हात पुढं झाला. तो तिनं मागं घेतला आणि त्याला दवाखान्याची वाट दाखवली.

"कडूमाय, आमी तर तुमचं नाव ऐकून आलो."

"नाव बी तितंच ठिवलंय, बाबा. जा. वाटंत बारवेत पाय घालू नगं."

मग शेळ्या घेऊन ती बारवेच्या वरच्या पायरीवर जाऊन बसली. पुढं ती रोजच तिथं बसू लागली. नारू काढायला परगावाहून येणारे लोक पाणी भरणाऱ्या बायकांना विचारत, ही म्हातारी कोण. बायका सांगत, शेळ्या राखती, पान्यात पाय घालू देत न्हाई.